वारा कोंडून ठेवणारे रबर

नागपुराहून उत्तरेकडे निघालेली सडक सावनेरला दुभागते. तिचा एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो आणि दुसरा सौंसर मागे टाकून, सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्यास पोचतो. या दोन फाट्यांवर वसलेला मुलूख इंग्रजी अमदानीत मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्यप्रदेशाच्या हद्दीत राहिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून अलग करून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कचेरीतले दप्तर हिंदीत असले तरी इथल्या असंख्य घरांतला व्यवहार मराठीतून चालतो, आणि संत्रे व कापूस या दोन पिकांचे दैव नागपूरच्या बाजाराशी जोडलेले असल्यामुळे या मुलखाचे सगळे अर्थकारण, म्हटले तर, चाकांवर उभे आहे. पूर्वी ते बंडीच्या लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकांवर उभे होते. आज ते ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलीच्या आणि सायकलीच्या चाकांवर, म्हणजे खरे पाहता त्या चाकांत कोंडलेल्या हवेवर उभे आहे. ती हवा कोंडून ठेवणाऱ्या पदार्थाचे नाव ब्युटिल रबर. ट्यूब विकणाऱ्याच्या तोंडी ‘ब्युटील’ हा शब्द येतो, गिऱ्हाईक तो ऐकतो आणि किंमत विचारून मोकळा होतो. त्या शब्दामागे काय दडले आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि ती करण्यासारखी आहे म्हणून हा लेख.

विषयाचा आरंभ एका साध्या कोड्यापासून करता येईल. पोळ्याच्या सुमारास हवा भरून ओसरीत उभी केलेली सायकल दिवाळीत बाहेर काढावी तर तिची दोन्ही चाके बसलेली आढळतात. ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात वळसा-वळसा बुडवून पाहिली तरी कोठे बुडबुडा उठत नाही, वॉल्व्हही ठाकठीक असतो. तरीही हवा गेलेली असते हे निर्विवाद. मग ती गेली कोठून? हा प्रश्न सायकलीहूनही जुना आहे. १८३१ साली फिलाडेल्फियातील जॉन मिचेल या वैद्याने रबरी फुग्यांत निरनिराळे वायू भरून ठेवले, तेव्हा कोणता फुगा लवकर आकसतो व कोणता उशिरा हे आतल्या वायूच्या जातीवर अवलंबून असते असे त्याच्या ध्यानात आले. आणि १८६६ मध्ये टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनज्ञाने त्याचा उलगडा केला. रबराच्या पडद्यास छिद्रे नसतात. वायूचे रेणू एका बाजूने त्या पडद्यात विरघळतात, रबराच्या अंतरंगातून वाट काढीत दुसऱ्या बाजूस पोचतात आणि तेथे पुन्हा मोकळे होतात. ट्यूबमधील हवा भोकातून निसटत नाही, ती रबर ओलांडून जाते; म्हणूनच पाण्यात बुडबुडा दिसत नाही.

ही ओलांडण्याची क्रिया सर्व वायूंना सारखी साधत नाही. प्राणवायू रबरातून नत्रवायूच्या सुमारे तिप्पट वेगाने जातो आणि कर्बद्विप्राणिद वायू तर त्याहूनही पुष्कळ वेगाने. अलीकडे पेट्रोल पंपांवर चार पैसे जास्त घेऊन चाकात नुसता नत्रवायू भरून देण्याची जी टूम निघाली आहे तिच्या मुळाशी हेच सत्य आहे. मात्र आपल्या साध्या हवेतच शेकडा ७८ भाग नत्रवायू असल्याकारणाने, नेहमीच्या वापरातल्या गाडीस त्या ज्यादा पैशाचा मोबदला फारच थोडा मिळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेची नळी बसविली, तेव्हापासून पुढले अर्धे शतकभर अशा सर्व नळ्या नैसर्गिक रबराच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या असत. त्या रबराचे गुण थोर आहेत. ते ताणते, ताण सुटताच तत्काळ मूळपदावर येते, फाटता फाटत नाही; परंतु वारा धरून ठेवण्याच्या कामी ते कच्चे, आणि ऊन व ओझोन यांपुढे लवकरच हार खाणारे. सायकल बाळगणाऱ्याने घरात पंप बाळगावा व दर चार-आठ दिवसांनी तो चालवावा, हा त्या काळी सृष्टिक्रमच मानला जाई.

नैसर्गिक रबराच्या या उणिवांचे कारण त्याच्या रेणूच्या घडणीत आहे, आणि ते समजल्यावाचून ब्युटिलची थोरवी ध्यानात यावयाची नाही. रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीन नावाच्या लहान घटकांची हजारोंनी जोडलेली लांबलचक साखळी होय. या साखळीच्या प्रत्येक घटकात एक द्विबंध शिल्लक असतो, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एक हात रिकामा असतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापविण्याची युक्ती शोधली, तीत गंधकाचे अणू याच रिकाम्या हातांना धरून एक साखळी दुसरीस बांधतात, आणि त्यायोगे चिकट, उन्हात पाघळणारा चीक कामाच्या रबरात रूपांतरित होतो. परंतु गंधकाने धरून उरलेले असंख्य हात मोकळेच राहतात, आणि हवेतला प्राणवायू व ओझोन यांना ते आयते सापडतात. जुन्या रबरावर ज्या बारीक चिरा पडतात त्या या हल्ल्याच्या खुणा होत.

आता दुसरा धागा घेऊ. आयसोब्युटिलीन नावाचा एक वायू आहे. कर्बाचे चार व उज्जवायूचे आठ अणू मिळून त्याचा रेणू झालेला असतो, आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तो हाती येतो. या वायूच्या रेणूंची साखळी गुंफता येते हे रशियन रसायनज्ञ अलेक्सांद्र बुटलेरोव्ह याने १८७३ सालीच दाखविले होते. परंतु दीर्घ साखळ्या गुंफून उपयोगाचा पदार्थ करण्याचे श्रेय जर्मनीतील आय. जी. फार्बेन या बलाढ्य रासायनिक कंपनीकडे जाते. १९३१ मध्ये तेथे तयार झालेल्या या बहुवारिकास ओपॅनॉल असे व्यापारी नाव मिळाले. पदार्थ रबरासारखा लवचीक, हवेस दाद न देणारा, ओझोनास न भिणारा. पण त्याच्या साखळीत द्विबंध मुळीच उरत नसल्यामुळे गंधकास धरावयास जागाच नव्हती. गंधकीकरण नाही म्हणजे घट्टपणा नाही, आणि घट्टपणा नाही म्हणजे तो पदार्थ भाराखाली हळूहळू वाहत जाणार. अशा पदार्थाची ट्यूब होत नसते.

येथे अमेरिकेतील न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतील विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट टॉमस या दोघा रसायनज्ञांचा प्रवेश होतो. स्टँडर्ड ऑइल आणि फार्बेन यांच्यामध्ये १९२९ पासून परस्परांच्या संशोधनाची देवघेव करण्याचा करार होता, त्यामुळे जर्मन पदार्थाची माहिती त्यांना होती. त्या काळी कृत्रिम रबर करू पाहणारे बहुतेक संशोधक द्विबंध भरपूर असलेले घटकच निवडीत, कारण निसर्गाने तसे केले होते. या दोघांनी उलटा विचार केला. गंधकाला साखळ्या बांधण्यासाठी हजारो रिकामे हात लागतच नाहीत. शंभर घटकांमागे एक-दोन हात मिळाले तरी पुरे. तेव्हा जवळजवळ सगळी साखळी आयसोब्युटिलीनची ठेवून तीत अगदी थोडे, शेकडा दोनच्या आसपास, आयसोप्रीन मिसळले, तर गंधकीकरणापुरते द्विबंध मिळतील, ते त्या कामी खर्ची पडतील, आणि ओझोनाच्या हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. १९३७ मध्ये त्यांनी हे करून दाखविले. शास्त्राच्या इतिहासात भरघोस काही मिळवून झालेले शोध पुष्कळ आहेत, नेमके किती कमी पुरते हे ओळखून झालेले थोडे. माझ्या मते ब्युटिल या दुसऱ्या, अधिक दुर्मिळ जातीचे आहे.

कल्पना जितकी सुटसुटीत तितकीच तिची कृती विलक्षण. ही साखळी नेहमीच्या तापमानास गुंफू गेल्यास तोकडी राहते आणि हाती येते ते चिकट तेल. ती लांबवावयाची तर विक्रिया शून्याखाली सुमारे शंभर अंश सेल्सियस इतक्या थंडीत घडवावी लागते. मेथिल क्लोराइड या द्रवात आयसोब्युटिलीन व आयसोप्रीन विरघळवून, द्रवरूप एथिलीनच्या साहाय्याने ते मिश्रण पाण्याच्या गोठणबिंदूच्या खाली फार दूरवर नेतात, आणि मग ॲल्युमिनियम क्लोराइडचा अल्प अंश त्यात सोडतात. क्षणार्धात विक्रिया पेट घेते व रबराचे पांढरे कण द्रवात तरंगू लागतात. विक्रियेतून सुटणारी उष्णता तितक्याच तत्परतेने बाहेर काढली नाही तर सारा घाणा बिघडतो. मे महिन्यातल्या उन्हात डांबर मऊ करणाऱ्या पांढुर्ण्याच्या सडकेवर जो पदार्थ वर्षानुवर्षे हवा सांभाळतो, त्याचा जन्म अशा हाडे गोठविणाऱ्या थंडीत होतो, ही गोष्ट मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे.

प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास या पदार्थाला कदाचित वीस वर्षे लागली असती. युद्धाने ती सहांवर आणली. १९४२ च्या प्रारंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज घेतले आणि जगातील रबराच्या मळ्यांचा बहुतांश दोस्तराष्ट्रांच्या हातून एकाएकी गेला. हिंदुस्थानात त्रावणकोर-कोचीनकडील मळे शाबूत होते, तरी लष्कराची भूक भागविताना नागरी गाड्यांसाठी टायर-ट्यूबा परवान्यावाचून मिळेनाशा झाल्या. अमेरिकेत तर मोठे वादळ उठले. सरकारी वकील थर्मन आर्नल्ड यांनी सिनेटच्या ट्रूमन समितीसमोर असा जबर आरोप ठेवला की, स्टँडर्ड ऑइलने फार्बेनशी केलेल्या करारापायी कृत्रिम रबराचा विकास स्वदेशात रखडला. कंपनीने अर्थातच तो नाकारला. आरोप-प्रत्यारोपांच्या या धुळीतच सरकारी खर्चाने कारखाने उभारले गेले. लुइझियानातील बॅटन रूज येथे १९४३ मध्ये ब्युटिलचे उत्पादन सुरू झाले, पाठोपाठ कॅनडातील सार्निया येथेही झाले, आणि या रबराचा पहिला मोठा उपयोग ठरला तो ट्यूबांचा. लष्करी व पुढे नागरी वाहनांच्या ट्यूबांतून नैसर्गिक रबर हळूहळू हद्दपार झाले.

नैसर्गिक रबराच्या तुलनेने ब्युटिलमधून हवा सुमारे एक दशांश इतकीच पार होते. हा फरक कशाने पडतो, हे समजण्यास सौंसरचा भर आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणावा. गर्दी दाट असली तरी माणसे जोवर सतत हलत असतात, मागे-पुढे सरकत असतात, तोवर त्यांच्यामधून क्षणभर फटी उघडतात आणि चपळ पोरगा त्या फटींतून पलीकडे निसटतो. परंतु प्रत्येक माणसाने दोन्ही खांद्यांवर एकेक बोचके घेतले असेल आणि त्यामुळे कोणास सहज वळताही येत नसेल, तर गर्दी तितकीच असूनही त्या पोराची वाट जागोजाग अडते. नैसर्गिक रबराच्या साखळ्या पहिल्या गर्दीप्रमाणे चंचल असतात. ब्युटिलच्या साखळीत दर दुसऱ्या कर्ब-अणूवर दोन-दोन मेथिल गट बसलेले असतात; त्यांच्या दाटीमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट लागून बसतात, सावकाश हलतात, आणि वायूच्या रेणूला पुढे सरकण्याजोगी फट क्वचितच उघडते.

याच मंदपणाचे दुसरे रूप हाताला जाणवते. नैसर्गिक रबराचा चेंडू टाकला की उसळतो. ब्युटिलचा टाकला तर तो निर्जीवपणे जमिनीवर बसल्यासारखा होतो, कारण आघाताने मिळालेली शक्ती परत देण्याऐवजी त्याच्या साखळ्या ती आपापसातल्या घर्षणात उष्णता करून टाकतात. तोच चेंडू उकळत्या पाण्यात तापवून घेतला तर मात्र साखळ्यांना जाग येते आणि तो बऱ्यापैकी उसळी मारू लागतो. जुन्या लाल, नैसर्गिक रबराच्या ट्यूबची पट्टी गलोलीला लावली की खडा सणसणत जाई. काळ्या ब्युटिलच्या पट्टीत तो झटका नाही. गलोल करणाऱ्या पोरांना या रबराचा जो दोष वाटेल, तोच हवा कोंडण्याच्या कामी गुण ठरतो, आणि दोहोंचे कारण एकच आहे. हवा धरणे आणि उसळी न घेणे या वेगळ्या गोष्टी नव्हेत.

मग टायर संपूर्ण ब्युटिलचा का करीत नाहीत, अशी शंका येईल. तसे प्रयोग झालेही होते. परंतु सतत दबणाऱ्या-उठणाऱ्या चाकात असे आळशी रबर फार तापते आणि इंधन खाते. म्हणून टायरच्या अंगास नैसर्गिक किंवा इतर कृत्रिम रबर आणि आतल्या हवेस ब्युटिल, अशी वाटणी पडली. ट्यूब होती तोवर ही वाटणी सुखाने चालली, कारण ट्यूब व टायर एकमेकांस चिकटविण्याची गरज नव्हती. १९५० नंतर ट्यूबविरहित टायर प्रचारात येऊ लागले तेव्हा हवा धरणारा थर टायरच्या आतल्या अंगासच कायमचा जोडणे भाग पडले, आणि येथे ब्युटिलचा जुना हट्ट आड आला. त्यात द्विबंध इतके थोडे की त्याचे गंधकीकरण रेंगाळते, आणि शेजारच्या नैसर्गिक रबराशी ते नीट सांधत नाही. उपाय निघाला तो क्लोरीन किंवा ब्रोमीन यांचा शेकडा एक-दोन अंश त्यात मिसळण्याचा. या हॅलोब्युटिलची हवाबंदी तीच राहते, पण शेजाऱ्याशी सलोखा जमतो. आज मोटारीच्या किंवा मोटारसायकलीच्या ट्यूबलेस टायरच्या आत हात फिरवला तर जे गुळगुळीत काळे अस्तर लागते, ते प्रायः याच हॅलोब्युटिलचे.

टायरमध्ये न दिसताही ब्युटिल टायर घडविण्याच्या कामी राबते, हे कमी लोकांना ठाऊक असते. नागपूरच्या दक्षिणेस बुटीबोरी येथे सीएट कंपनीचा दुचाकींच्या टायरांचा कारखाना २०१६ पासून चालू आहे. कोणत्याही अशा कारखान्यात कच्चा, मऊ टायर पोलादी साच्यात ठेवून त्याच्या पोटात एक रबरी पिशवी फुगवितात, आणि पिशवीतल्या वाफेच्या किंवा तप्त पाण्याच्या दाबाने तो साच्याच्या नक्षीवर दाबला जाऊन शिजतो. ही पिशवी एकामागून एक शेकडो टायर शिजवीत राहते. एवढी वाफ, एवढी उष्णता वारंवार सोसून न फुटणारे रबर म्हणजे पुन्हा ब्युटिलच. मात्र ते गंधकाऐवजी राळेने बांधलेले असते.

पंक्चर काढणाऱ्यांना ब्युटिलचा स्वभाव पुस्तकावाचून ठाऊक असतो. या रबराचे अंग रासायनिक दृष्ट्या अलिप्त असल्यामुळे त्यावर ठिगळ सहजी धरत नाही. म्हणून जाणता कारागीर भोकाभोवतालची जागा किसणीने चांगली खरवडतो, धूळ पुसतो, सोल्यूशन लावून ते सुकू देतो आणि मगच पॅच दाबतो. सोल्यूशन ओले असताना घाईने पॅच डकविणाऱ्याचे काम पुढल्या गावापर्यंतही टिकत नाही. ट्रकच्या ट्यूबला अनेकदा ठिगळ दाबून तापवतात, ते याच कारणासाठी. आणखी एक वैर सांगितले पाहिजे. वनस्पतिजन्य तेलांना आणि बहुतेक आम्लांना दाद न देणारे हे रबर डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल अशा खनिज तेलांत फुगते व नासते. ट्रॅक्टरच्या खोलीत तेलाच्या पिंपाशेजारी टांगून ठेवलेली नवी ट्यूब म्हणूनच अकारण म्हातारी होते.

येथवर चाकांची कथा झाली. परंतु एखाद्याने मला विचारले की ब्युटिलचा सर्वांत मोलाचा उपयोग कोणता, तर मी चाकाकडे नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीकडे बोट दाखवीन. तिच्यातल्या लसीच्या प्रत्येक चिमुकल्या काचेच्या कुपीच्या तोंडावर ॲल्युमिनियमच्या टोपीखाली जे राखाडी बूच असते, ते बहुधा ब्रोमोब्युटिल किंवा क्लोरोब्युटिल यांचे असते. क्षयाची बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पाण्यात टिकत नाहीत म्हणून त्या गोठवून सुकवलेल्या पुडीच्या रूपाने येतात, आणि हवेतल्या दमटपणाचा लवलेश आत शिरला तरी त्या पुडीचा गुण उतरतो. नैसर्गिक रबरातून बाष्प सावकाश का होईना, पाझरते. ब्युटिल ते जवळजवळ थोपवून धरते. शिवाय त्यात औषधात उतरणारी द्रव्ये थोडी, ते निर्जंतुक करताना वाफेत टिकते, आणि सुई आरपार जाऊन परत निघाली की भोक आपसूक मिटते. सुकवणीची पद्धतही चतुराईची आहे. बुचाच्या खालच्या अंगास खाचा ठेवलेल्या असतात; कुपीवर ते अर्धवट बसवून निर्वात कपाटात ठेवतात, त्या खाचांतून बर्फाचे बाष्प निघून जाते, आणि पुडी पूर्ण सुकली की कपाटातल्या फळ्याच वरून दाबून सगळी बुचे एकदम घट्ट करतात. सौंसरच्या एखाद्या खेड्यात, जेथे वीज जाते-येते, तेथे तान्ह्या मुलाच्या दंडात जाणारी लस कारखान्यातून निघाली तशी कोरडी पोचते, यात शीतपेटीइतकाच वाटा त्या बुचाचा आहे. जनावरांच्या लसींच्या बाटल्यांनाही अशीच बुचे असतात.

इतर उपयोग धावत्या उल्लेखाचे आहेत. चांगल्या फुटबॉलच्या आत ब्युटिलचा ब्लॅडर असतो. नैसर्गिक चिकाच्या ब्लॅडरचा चेंडू अधिक चैतन्याने उसळतो, पण त्यात वारंवार हवा भरावी लागते, म्हणून शाळांनी पहिला घ्यावा हे बरे. विषारी वायूंपासून बचावाचे हातमोजे व मुखवटे याच रबराचे करतात. आंदोलने जिरविण्याच्या त्याच्या खोडीचा फायदा यंत्रांखालच्या गाद्यांना होतो. मुले जे च्युइंगगम चघळतात त्याच्या पायातही याच कुळातले, खाण्यास निर्धोक केलेले बहुवारिक असू शकते. शहरी इमारतींच्या दुहेरी काचांच्या खिडक्यांत दोन काचांमधली हवा कोरडी ठेवण्यासाठी आयसोब्युटिलीनच्या बहुवारिकाची पट्टी कडेने फिरवतात, आणि तिच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचा दुसरा लेप देतात. हा लेप घट्ट होण्यासाठी मँगेनीज डायऑक्साइड वापरतात, हे वाचून सौंसरकरांना कुतूहल वाटेल. कारण या तहसिलीच्या नावावरून भूशास्त्रज्ञांनी ज्या खडकांना सौंसर मालिका म्हटले त्यांत मँगेनीजचे साठे आहेत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लुईस फर्मोर या भूशास्त्रज्ञाने त्यांचा कसून अभ्यास केला होता.

शेततळ्याच्या अस्तराविषयी मात्र एक खुलासा करावासा वाटतो. परदेशांत तळ्यांना ब्युटिलची चादर अंथरतात आणि ती कित्येक दशके टिकते. आपल्याकडे शेततळ्यांत पसरतात ते प्लॅस्टिकचे अस्तर. ते स्वस्त असते, उन्हाने लवकर ठिसूळ होते, आणि उंदरांचे व खेकड्यांचे काम सोपे करते. संत्र्याच्या बागाईतदारास ब्युटिल परवडेल असे मला आजच्या भावात दिसत नाही.

भावाचा मुद्दा निघालाच आहे तर पुरवठ्याचे सांगतो. ट्यूबांसाठी व टायरांच्या अस्तरांसाठी लागणारे ब्युटिल भारतात पूर्वापार परदेशांतूनच आणावे लागे. रिलायन्स आणि रशियाची सिबूर यांच्यात २०१२ साली भागीदारी ठरली आणि तिच्यातून जामनगरला भारतातला ब्युटिलचा पहिला कारखाना उभा राहिला. त्याची वार्षिक क्षमता १ लाख २० हजार टन आहे. आयसोब्युटिलीनसाठी शेजारचा तेलशुद्धीकरण कारखाना आहेच. बुटलेरोव्हच्या देशाचा या कामात हात लागावा, हा इतिहासाचा योगायोग म्हणावयाचा.

आता वापरणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सायकलीसाठी वा मोटारसायकलीसाठी ट्यूब घेताना तिच्यावर ‘ब्युटिल’ असे छापले आहे की नाही ते पाहावे. नैसर्गिक रबराची ट्यूब चार पैशांनी स्वस्त मिळेल, पण तिला महिन्यातून कितीतरी वेळा पंप लागेल. ब्युटिलच्या किंवा ट्यूबलेस चाकातही महिन्यास एक-दोन पौंड हवा उतरते, ती मुळीच उतरत नाही असे नव्हे. त्यात हवामानाची भर पडते; तापमान दहा अंशांनी उतरले की तेहतीस पौंडांच्या चाकात सुमारे दीड पौंडाची घट दिसते, म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी ४४ अंशांत भरलेले चाक एक थेंबभर हवा न गमावताही डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे पाच पौंडांनी ढिले असेल. म्हणून हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, महिन्यातून एकदा तरी मोजवून घ्यावी. आणि ट्यूब अगदीच निकामी झाली की ती होळीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलाण्यात जाळू नये. भंगारवाल्याकडे द्यावी, पण नैसर्गिक रबराच्या ट्यूबांतून ती वेगळी काढून द्यावी, कारण पुनर्वापरासाठी ब्युटिल शिजविताना त्यात नैसर्गिक रबराचा थोडासा भाग मिसळला तरी सारा माल बिघडतो, आणि शुद्ध ब्युटिलच्या जुन्या ट्यूबांना भंगारात भावही अधिक मिळतो.